एकशे साठ व्होल्टचं गाऱ्हाणं

बारशाला गेलेल्या बायका आधी पाळण्याकडे जातात. सुलूवैनी आधी भिंतीवरच्या प्लगकडे जायच्या. पिशवीतून मीटर काढायचा, त्याच्या लाल-काळ्या सुया भोकांत घालायच्या, आकडा बघायचा, "एकशे बहात्तर. बरा आसा तुमच्याकडे," असं यजमानांचं अभिनंदन करायचं आणि मग बाळाचं तोंड बघायला जायचं. बाळाच्या आईला राग यायचा, पण सासू काही बोलत नसे. तिलाही तो आकडा हवाच असायचा, कारण संध्याकाळी आमच्या वाडीत मिक्सर नुसता गुरगुरायचा आणि खोबरं जसंच्या तसं राहायचं.

मी घाटावरचा. मसुऱ्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला आलो आणि सुलोचना परब यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाडेकरू म्हणून बरीच वर्षं राहिलो. सगळी वाडी त्यांना सुलूवैनी म्हणायची, म्हणून मीही. माझा आणि गणिताचा संबंध दहावीनंतर सुटला, तो दोघांच्याही राजीखुशीने. तरीही आज मला कुणी झोपेतून हलवून उठवलं आणि एकशे साठ व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे किती वॅट असं विचारलं, तर मी डोळे न उघडता नऊशे साठ म्हणेन. ही वैनींची कृपा म्हणायची की छळ, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दिसायला वैनी अगदी किडकिडीत. कपाळावर मोठं कुंकू, पदर कायम खोचलेला, आणि बोटं काजूच्या टरफलातल्या तेलाने काळी पडलेली. आवाज मात्र असा, की त्या परसातून "सर" म्हणाल्या तरी मी पुढच्या दाराला उभा राहून "ओ" द्यायचो. त्यांना "होणार नाही" हे दोन शब्द ऐकूच यायचे नाहीत. कुणी तसं म्हणालं की त्या शांतपणे म्हणायच्या, "बरा. मगे कसा होतला ता सांगा." एवढंच त्यांचं वक्तृत्व. आमच्या फाट्यावर एसटी थांबत नसे. वैनी रोज सकाळी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहू लागल्या. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, हात जोडले, शेवटी थांबायला लागला. आता वैनी नसल्या तरी तो थांबतो.

त्यांनी काजूची शेड काढली ती मंदासाठी. मंदा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. नवरा गेलेला, घरात डोळ्यांनी अधू झालेली सासू आणि सायली नावाची मुलगी. सायलीला फिट्स यायच्या. कधी येतील याचा नेम नाही. खेळता खेळता पोर आडवी व्हायची. औषध चालू होतं, पण कुणीतरी जवळ लागायचंच. आणि मंदाचं काम होतं लांबच्या काजू कारखान्यात. सकाळी टेम्पो न्यायला यायचा आणि दिवेलागणीला आणून सोडायचा. तेवढा सगळा वेळ सायली सासूच्या भरवशावर, आणि सासूला तर समोरचा तांब्या दिसत नसे. म्हणून वैनींनी बायकांचा गट केला, पंचायतीकडून मंदाच्या घरासमोरचीच रिकामी खोली मागून घेतली, आणि काजूगर वाळवायचा विजेचा ड्रायर आणला. मंदाने काम करायचं ते लेकीच्या समोर बसून, एवढाच त्यातला हेतू होता. बाकी बचत गट, महिला उद्योग वगैरे शब्द नंतर फलकावर आले.

ड्रायर आला, त्याला हार घातला, नारळ फोडला. दिवसभर काजू फोडून ट्रे भरायचे आणि संध्याकाळी ड्रायर लावायचा, तर तो तापेना. काजूगर नीट तापला तरच त्याची तांबडी साल बोटाने चोळून निघते. नाहीतर सुरीने खरवडावी लागते आणि अख्ख्या गराचा तुकडा होतो. बायका खरवडून खरवडून रडकुंडीला आल्या. विकणारा म्हणाला, मशीनमध्ये काही दोष नाही. वाडीतले म्हणाले, दृष्ट लागली. वैनींनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमच्या शाळेत करंट कोण शिकवता?"

"सावंतसर. पण ते दहावीला शिकवतात, वैनी."

"मगे बराच झाला. मी धावयेतच अडाकलेलंय."

अशा रीतीने वैनी आमच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. मधल्या सुट्टीत मुलं डबे खायची आणि वैनी सावंतसरांचा डबा थंड करायच्या. सावंतसर गरीब माणूस. वैनींच्या तावडीतून सुटण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे त्यांना नीट समजावणं, हे त्यांनी लवकरच ओळखलं. त्यांच्याच सल्ल्याने वैनींनी तो मीटर घेतला. त्याला वरच्या बाजूला एक चिमटा होता. तारेभोवती लावला की तारेतून किती धारा वाहते ते दिसायचं. वैनींनी शेडवर जाऊन तो ड्रायरच्या जाडजूड केबलला लावला. आकडा आला शून्य. मग काय! विकणाऱ्याला फोन लागला आणि अख्ख्या वाडीने ऐकलं, "ह्या करंटच घेत नाय, तर तापतला कसा? शिरा पडो तुमच्या मशीनार!" दुसऱ्या दिवशी सावंतसरांनी कपाळाला हात लावला. केबलमध्ये दोन तारा असतात, एकीतून धारा जाते, दुसरीतून परत येते. दोघींना एका चिमट्यात धरलं की दोघी एकमेकींना खोडून काढतात. एकच तार पकडायची असते.

वैनी म्हणाल्या, "म्हणजे सासू-सुनेक एकाच वेळी इचारल्यासारख्या. काय्येक कळूचा नाय." आणि तशाच उठून फोन लावून विकणाऱ्याची माफी मागितली, तितक्याच मोठ्या आवाजात.

मग एका संध्याकाळी त्यांनी नीट मोजलं. दाब एकशे साठ व्होल्ट, धारा सहा अँपिअर. गुणाकार नऊशे साठ वॅट. ड्रायरच्या पाटीवर मात्र लिहिलेलं, दोनशे तीस व्होल्टला दोन हजार वॅट. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत होतो, वैनींना हे मान्यच होईना.

"होल्टेज तिसऱ्या हिश्श्यानसुदीक कमी झाला नाय. मगे ताकद निम्म्याच्या खाली कशी गेली?"

"कारण व्होल्टेज कमी झालं म्हणून धाराही कमी झाली," सावंतसर म्हणाले. "कॉइल तीच, तिचा रोध तोच. शक्ती म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन्हीकडून कात्री लागली."

वैनी उठून फळ्याशी गेल्या. मग स्वतःच खडू घेतला. दोनशे तीसला जी धारा यायला हवी तिने भागलं, सव्वीसच्या वर थोडा रोध आला. एकशे साठला सहाने भागलं, पुन्हा सव्वीसच्या वर थोडा. कॉइल निर्दोष सुटली. "भागला तर अडथळो गावता," त्या खडूचे हात झाडत म्हणाल्या, "आणि गुणला तर ताकद गावता. इतक्याच आसा मा?" सावंतसर म्हणाले, इतकंच आहे. मी मनात म्हटलं, हे इतकंच मला तेव्हा कुणी इतक्या थोडक्यात का नाही सांगितलं.

पण इतकंच नव्हतं. डोक्यात गणित गेलेलं माणूस गप्प बसत नाही. वैनींनी हिशोब मांडला: व्होल्टेज वाढवणं आपल्या हातात नाही, रोध कमी करणं आहे. रोध निम्मा केला तर धारा दुप्पट, ताकद दुप्पट. त्यांनी ड्रायर उघडला आणि कॉइल बरोब्बर अर्ध्यावर कापून पुन्हा जोडली. सावंतसरांना विचारलं नाही, कारण ते नको म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं. आणि ड्रायर तापला की! साल कागदासारखी सुटायला लागली, अख्खे पांढरे गर निघाले. वाडी खूश. वैनींची विद्या पसरली. कुणी पाण्याच्या हीटरची कॉइल कापली, इस्त्रीवाल्याने इस्त्रीची. जो तो दुप्पट धारा ओढायला लागला आणि ज्यांनी काही कापलं नव्हतं त्यांचे दिवे आणखी मिणमिणायला लागले. शेजारची म्हातारी कुरकुरली, तर वैनी म्हणाल्या, तूही काप.

तेवढ्यात जत्रा आली. जत्रेच्या दिवसांत आमच्याकडे सगळंच जादा येतं: एसटी जादा, पोलीस जादा, पाहुणे जादा. वीजही जादा आली. मुख्य लाइनवरून वाडीला दोनशे पस्तीस व्होल्ट मिळाले, जे तिने जन्मात पाहिले नव्हते. दुपारची वेळ, बायका दर्शनाच्या रांगेत, ड्रायर त्या दिवशी संध्याकाळची वाट न बघता चालू ठेवलेला. अर्ध्या रोधाच्या कॉइलवर पूर्ण व्होल्टेज म्हणजे चार हजारांच्या वर वॅट. मंदा सायलीमुळे घरीच होती, तिला जळका वास आला. तिने धावत जाऊन बटण बंद केलं. ट्रेमधला सगळा माल कोळसा झाला होता. सगळ्या बायकांनी मिळून फोडलेला, गटाचा पहिला मोठा माल होता तो.

संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा वैनी शेडच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कुणाला बोलायची संधीच दिली नाही. "मी रोध निम्मो केलंय. पण होल्टेज कायम एकशे साठच रवतला असा धरून चाललंय. माझा चुकला. जत्रेचो काय दोष नाय, मशीनीचो नाय. माझो." बायका एकेक करून घरी गेल्या. आणि पुढच्या सोमवारी मंदा पुन्हा टेम्पोत चढली.

जावा-जावांचं बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं. मंदा अंधारून आल्यावर यायची आणि सरळ घरात जायची, वैनी ओसरीवर बसून तिच्याकडे बघायच्या. पंचायतीने निरोप धाडला, पावसाआधी शेड सुरू झाली नाही तर खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊ. त्याच आठवड्यात सायली विहिरीच्या कठड्याजवळ फिट येऊन पडली. म्हातारी हाका मारत राहिली, पण कुणाला मारायच्या तेच तिला दिसत नव्हतं. वैनी माडाच्या बागेत होत्या, त्या पोचेपर्यंत पोरीचं कपाळ फुटलं होतं. टाके घालताना मंदाऐवजी वैनींनी तिचे हात धरले. परत आल्यावर त्या माझ्याशी एक वाक्य बोलल्या, ते मी विसरलेलो नाही. "सर, कॉइल नाय बदलूची. आता होल्टेजच बदलूचा."

त्यांनी पूर्ण लांबीची नवी कॉइल घातली आणि वीज कार्यालयात गेल्या. तिथे विदर्भातून आलेला एक तरुण इंजिनिअर होता, साधा, नीट ऐकून घेणारा. तो बिचारा भर दुपारी वाडीत आला, मोजलं, दोनशे अठरा भरले. "काकू, हे तर उत्तम आहे," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. दुपारी बागांचे पंप बंद असतात, दिवे बंद असतात. वैनींनी त्याला बांगड्याची आमटी आणि सोलकढी घालून जेवू घातलं आणि म्हणाल्या, "सांजच्या वक्ताक येवा." तो म्हणाला, संध्याकाळी जमणं अवघड आहे. "बरा. मगे कसा जमतला ता सांगा."

त्याने सांगितलं नाही, म्हणून वैनी रोज विचारायला जाऊ लागल्या. थांबायला शिकलेल्या त्याच एसटीने जायच्या, कार्यालयाच्या पायरीवर बसायच्या, साहेब बाहेर आला की एवढंच विचारायच्या, "साहेब, सांज कधी?" ना आरडाओरडा, ना मोर्चा. शिपाई त्यांना चहा द्यायला लागला. साहेब मागच्या दाराने जाऊ लागला, तर वैनी मागच्या दाराला. शेवटी त्याने हसून शरणागती पत्करली आणि एका संध्याकाळी जीप घेऊन आला.

त्या दिवशी वाडीतल्या पुरुषांना अंगात आलं होतं. कुणी म्हणालं, सगळे पंप, सगळे मिक्सर, सगळ्या इस्त्र्या एकदम चालू करूया, व्होल्टेज पार शंभरावर आणूया. वैनी कडाडल्या, "खोटा नाय करूचा! एकदा माझा गणित खोटा ठरला, पोरीचा कपाळ फुटला. रोज चलता तितक्याच चलात." आणि खरंच, त्यांनी घरोघर फिरून जादा लावलेलं सगळं बंद केलं.

साहेबाने येताना ट्रान्सफॉर्मरवर मोजलं होतं: दोनशे तीस. शेडमध्ये मोजलं: एकशे साठ. ड्रायरची धारा सहा. मग हातमोजे घालून खांबावर चढला, वाडीकडे येणाऱ्या तारेला चिमटा लावला आणि खाली येऊन म्हणाला, चाळीस अँपिअर. वैनींनी हे ऐकलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आणि मग त्यांनी आबा गावकरांना पुढे बोलावलं.

आबा म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारे. आमच्याकडे देवाला सांगायचं ते मनातल्या मनात नाही सांगत. मानकऱ्याने मोठ्याने मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. यात एक सोय अशी आहे, की जे एखाद्या माणसाच्या तोंडावर सांगणं बरं दिसत नाही ते त्याच्यादेखत देवाला सांगता येतं. आबांनी खांबाखाली नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां एकवट जमली आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंच्यार जा काय संकट इला आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ता संकट म्हणजे... ता म्हणजे..." आबा वळले. "सुलू, किती गो ते?"

लोक हसले. साहेबही हसला. वैनी हसल्या नाहीत. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. पण त्या आबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले.

"डीपीकडे दोनशे तीस आसत, म्हाराजा!" डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो ओढ्यापलीकडे, लांब.

"होय म्हाराजा!"

"आमच्या दारात एकशे साठ पोचतत. सत्तर वाटेरच रवतत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तारेत चाळीस आसत, साहेबांनी आपल्या हातान मोजल्यानी. सत्तर गुणिले चाळीस, दोन हजार आठशे वॅट, म्हाराजा!"

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, पुन्हा ठेवला. गुणाकार तोंडीच होण्यासारखा होता.

"आमच्या ड्रायराक नवशे साठ, आणि तारेर बसलेल्या कावळ्यांचे पाय शेकूक दोन हजार आठशे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी पोरंसोरं पण ओरडली.

"सत्तर भागिले चाळीस, पावणेदोन ओहम. ह्यो रोध वाटेर उभो आसा. तो दूर कर. डीपी वड्याच्या अल्याड हाड..." वैनींचा आवाज इथे एकदम बसला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला तो तसा. "आणि आयेक चेडवाकडे ठेव, म्हाराजा."

आईला लेकीजवळ ठेव, हे कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना माहीत होतं. नुकताच टेम्पो येऊन गेला होता आणि मंदा डबा हातात घेऊन गर्दीच्या मागे उभी होती. तिने एकटीनेच म्हटलं, "होय म्हाराजा."

मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. साहेब निघताना वैनींना म्हणाला, "काकू, लाइनच्या टोकाला, भार चालू असताना किती व्होल्टेज मिळतं, हे सगळं मी आज लिहून नेतो. माझ्या हातात आहे तेवढं करतो." आणि त्याने केलं. वरून काही शंका आल्या, त्यालाही पुन्हा पुन्हा विचारावं लागलं असणार. पायरीवर बसायचं कसं ते त्याने वैनींकडूनच पाहिलं होतं. पाऊस तोंडावर असताना डीपी ओढ्याच्या अलीकडे आला. ज्यांनी ज्यांनी कॉइली कापल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन, डीपी चालू होण्याआधी, वैनींनी त्या स्वतः बदलायला लावल्या.

माझी बदली झाली ती त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. सामान आधीच गेलं होतं, मी सकाळी निरोप घ्यायला शेडवर गेलो. ड्रायर चालू होता, आत गरम काजूचा गोडसर वास भरलेला. बायका चटईवर ओळीने बसून साल चोळत होत्या. मंदा दाराशी बसली होती आणि तिच्याजवळ, हात लांब केला की पोचेल इतक्यावर, सायली पाटीवर चित्र काढत होती. वैनींच्या हातात ट्रे होता. त्या काहीतरी बोलणार एवढ्यात सायलीच्या हातातली पाटी पडली आणि पोर कलंडली.

मी घाबरून पुढे झालो. पण मंदाने तोपर्यंत तिला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली आपली मांडी दिली होती, आणि तोंडाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात तिच्याशी बोलत होती. बायकांचे हात थांबले नाहीत. बाजूच्या दोघींनी सरकून जागा केली, एवढंच. थोड्या वेळाने पोरीचं अंग सैल पडलं. मंदाने तिचं तोंड पुसलं, तिला तिथेच चटईवर निजवलं, बाहेर जाऊन हात धुतले आणि परत येऊन आपल्या जागेवर काजूगर घेऊन बसली.

वैनी ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी एकदा त्या दोघींकडे पाहिलं, मग ट्रे ड्रायरमध्ये सरकवून दार लावलं.

"सर, एसटी चुकतली तुमची," त्या म्हणाल्या.